दीड सुताचा खांब

सुताराच्या तोंडी 'सूत' हे माप अजून टिकून आहे. दार चौकटीला घासू लागले की तो सांगतो, एक सूत काढावे लागेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर. माणसाच्या छातीच्या पाचव्या मणक्यात हाडाचा एक आखूड खांब असतो, त्याची जाडी सरासरी साडेचार मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड सूत. कणा मोडला, वाकला किंवा क्षयाने पोखरला की सर्जनला याच खांबातून धातूचा स्क्रू न्यावा लागतो. खांबाच्या आतल्या अंगाला मज्जारज्जू असतो. वर आणि खाली नसा बाहेर पडण्याच्या खिडक्या असतात. स्क्रू पुढे फार गेला तर मणक्याच्या ठोकळ्यापलीकडे थेट महारोहिणी. दाराचे एक सूत चुकले तर पुन्हा रंधा मारता येतो. इथे अर्ध्या सुताची चूक पायातली ताकद घेऊन जाऊ शकते.

या खांबाला डॉक्टर पेडिकल म्हणतात. मणका समोरून पाहिला तर भरीव ठोकळा दिसतो. मागून पाहिला तर हाडाची कमान दिसते. दोहोंना जोडणारे डावे-उजवे दोन खांब म्हणजे पेडिकल. ठोकळा, खांब आणि कमान यांच्यामधल्या पोकळीची एकावर एक रचना झाली की कण्याची नळी तयार होते. मानेचे सात, छातीचे बारा, कंबरेचे पाच, मग जुळून एक झालेले त्रिकास्थीचे पाच आणि माकडहाडाचे साधारण चार, असे एकूण तेहतीस. प्रत्येकाची घडण वेगळी. छातीच्या मध्यावर साडेचार मिलिमीटर असलेला खांब कंबरेच्या पाचव्या मणक्यात सरासरी अठरा मिलिमीटर होतो, आणि त्याची दिशा आतल्या बाजूला सुमारे तीस अंशांनी वळते. एकाच माणसाच्या पाठीत जाडीचा हा चौपट फरक असतो. मग माणसामाणसांतला, बाईपुरुषांतला, विशीतला आणि सत्तरीतला फरक मोजल्याशिवाय कसे चालेल?

वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. निंदणाला आणि सोंगणीला बाया दिवसदिवस कंबरेत वाकलेल्या असतात, फवारणीला सोळा लिटरचा पंप पाठीवर असतो, चाऱ्याचा भारा डोक्यावर असतो. 'चमक भरली', 'उसण भरली' हे शब्द घरोघरी ऐकू येतात. डॉक्टरकडे गेल्यावर त्याचे 'मणक्यात गॅप पडला' किंवा 'गादी सरकली' असे होते. गॅप हा शब्द खरे तर उलटा आहे. दोन मणक्यांमधली गादी झिजते तेव्हा अंतर वाढत नाही, कमी होते. पण पेशंटला जाणवते ती रिकामी, सुटलेली कंबर, आणि तिच्यासाठी त्याने शोधलेला हा शब्द आता डॉक्टरही वापरतात.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११ लाख ९७ हजारांवर लोकसंख्या. मोठ्या दुखण्यासाठी लोक अकोल्याला जात. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मधले. काही जण थेट नागपूर किंवा संभाजीनगर गाठत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशिमचे होते, शंभर जागांचे. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र असते, आणि शरीररचनाशास्त्र म्हटले की हाडे आली. आता इथली मुले आपल्याच गावात मणका हातात घेऊन त्याची डावी-उजवी बाजू ओळखायला शिकत आहेत. मणक्यांच्या मोजमापाबद्दल इथे बोलायचे ते याच कारणाने.

पेडिकलमधून स्क्रू घालण्याची पद्धत पॅरिसच्या रेमों रॉय-कामी यांनी १९६३ मध्ये सुरू केली. त्याआधी मोडलेला किंवा वाकलेला कणा धरून ठेवण्यासाठी मागच्या कमानीला आकडे आणि तारा लावत. अमेरिकेत पॉल हॅरिंग्टन यांचा दांडा याच प्रकारचा होता. पण आकडा मणक्याची फक्त पाठ पकडतो. पेडिकलमधला स्क्रू मागच्या कमानीपासून पुढच्या ठोकळ्यापर्यंत जातो, त्यामुळे अख्खा मणका पकडीत येतो. पकड जितकी चांगली, तितकी मापाची गरज मोठी. १९८७ मध्ये झिंड्रिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेडिकलची २,९०५ मापे घेऊन छातीच्या पहिल्या मणक्यापासून कंबरेच्या पाचव्यापर्यंतचा तक्ता छापला. वर दिलेले साडेचार आणि अठरा मिलिमीटर त्यातलेच. पुढे १९९१-९२ मध्ये येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी मणक्याच्या तिन्ही मितींची मापे प्रसिद्ध केली. स्क्रू तयार करणाऱ्यांच्या आणि तो वापरायला शिकणाऱ्यांच्या समोर अनेक वर्षे असेच तक्ते होते.

ते तक्ते कोणाच्या हाडांचे होते, हा प्रश्न भारतातल्या सर्जननी उशिरा पण नेमका विचारला. २००२ मध्ये मित्रा, दातीर आणि जाधव यांनी भारतीयांच्या कंबरेच्या पेडिकलचा अभ्यास 'स्पाइन' या नियतकालिकात छापला. २००४ मध्ये दातीर आणि मित्रा यांचा छातीच्या मणक्यांवरचा निबंध आला. मधल्या वर्षी, २००३ मध्ये, चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी छातीचा खालचा भाग, कंबर आणि त्रिकास्थीचा पहिला मणका मोजला. या सगळ्यांतून एक गोष्ट ठसठशीत पुढे आली. पाश्चात्य तक्त्यातला खांब डोळे झाकून भारतीय पाठीत धरता येत नाही. छातीच्या मधल्या भागात आपल्याकडचे खांब अनेकदा इतके बारीक असतात की तिथे नेहमीच्या मापाचा स्क्रू बसवणे धोक्याचे ठरते.

यात मनाला लागणारी एक गोष्ट आहे. विसाव्या शतकात जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ज्या सांगाड्यांवर हाडे शिकली, त्यांतले फार मोठे प्रमाण भारतातून गेलेले होते. कलकत्ता हे या व्यापाराचे केंद्र. १९८५ मध्ये केंद्र सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोवर कोणा गरिबाचे, बेवारस माणसाचे हाड परदेशातल्या कपाटात जाऊन बसत होते. त्याचे नाव, वय, गाव यांपैकी काहीच त्याच्याबरोबर जात नव्हते. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे. तिथल्या हॅमन-टॉड संग्रहात तीन हजारांहून अधिक सांगाडे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे वय, लिंग, उंची नोंदलेली आहे. तीही माणसे गरीब आणि बेवारसच होती, त्यांचीही संमती कोणी घेतली नव्हती. पण नोंद होती, आणि त्या नोंदीमुळे वयाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे हाड कसे बदलते हे तिथे मोजता आले.

आपल्या महाविद्यालयांतल्या हाडांच्या पेटीची अडचण हीच आहे. पेटीत मणके भरपूर असतात, पण प्रत्येक मणका कोणाचा हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. एका पेटीत दहा माणसांचे मणके मिसळलेले असू शकतात. व्हर्नियर लावून माप अचूक मिळते. बाईचे की पुरुषाचे, तिशीतले की सत्तरीतले, हे मात्र त्या मापाला सांगता येत नाही. सुक्या हाडांवरच्या कितीतरी भारतीय निबंधांत 'वय व लिंग अज्ञात' हे शब्द येतात. उपकरण उत्तम आणि आकडा बिननावाचा, अशी ही स्थिती.

म्हणून आता भर सीटी स्कॅनवर आहे. सीटीतल्या पेशंटचे वय आणि लिंग माहीत असते, उंचीही विचारता येते. शिवाय सीटीसाठी वेगळा पेशंट शोधावा लागत नाही. विदर्भात मुतखडा काही दुर्मीळ नाही. मुतखड्यासाठी पोटाचा सीटी काढला की कंबरेचे पाचही मणके त्यात आयतेच येतात. एक्स-रेचा जादा डोस न देता, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, अशा शेकडो जुन्या स्कॅनवर मोजणी करता येते. जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्यासारखे यापेक्षा स्वस्त संशोधन विरळाच.

मोजणी सोपी वाटते, पण ती तशी नसते. काकडी तिरकी कापली की चकती लांबट निघते. सीटीचा काप पेडिकलला तिरका गेला तर तेच होते, खांब आहे त्याहून जाड दिसतो. म्हणून आधी संगणकावर काप खांबाच्या दिशेला समांतर फिरवून घ्यायचा आणि मगच रुंदीची रेघ ओढायची. रुंदी, उंची, आत वळण्याचा कोन, कमानीच्या मागच्या पृष्ठभागापासून ठोकळ्याच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी, नळीचा मागून-पुढचा व्यास आणि आडवी रुंदी, ही नेहमीची मापे. डावे-उजवे वेगळे मोजायचे, कारण दोन्ही सारखे असतातच असे नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे आणि काही आठवड्यांनी, आधीचा आकडा न बघता, पुन्हा मोजायचे. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात व्हर्नियरची शून्य त्रुटी काढताना कंटाळलेल्या मुलाला तेव्हा वाटत नसते की हीच शिस्त पुढे कोणाचा तरी पाय वाचवणार आहे.

मापाच्याही आधी मोजदाद येते. काही माणसांचा कंबरेचा पाचवा मणका त्रिकास्थीला जुळलेला असतो, तर काहींच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहतो. मग कंबरेचे मणके कधी चार भरतात, कधी सहा. वरून मोजायला सुरुवात करायची की खालून, हे ठरवले नाही तर 'एल-४', म्हणजे कंबरेचा चौथा, म्हणून भलताच मणका मोजला जातो. ऑपरेशन टेबलावर तर भलताच मणका उघडला जाऊ शकतो.

आता वयाकडे वळू. बाळाच्या मणक्यात ठोकळा आणि कमानीचे दोन अर्धे भाग कूर्चेने जोडलेले असतात. ही कूर्चा हाडात बदलली की नळीची वाढ जवळजवळ संपते. कंबरेच्या नळीचा मागून-पुढचा व्यास बालवाडीच्या वयातच प्रौढाच्या मापाजवळ पोचतो. आडवी रुंदी किशोरवयापर्यंत थोडी थोडी वाढत राहते. ठोकळा आणि खांब मात्र पुढे कितीतरी वर्षे वाढतात, आणि खांब वाढतो तो मुख्यतः बाहेरच्या अंगाला. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या नळीत त्याच्या पहिल्या काही वर्षांचा हिशेब कायमचा लिहिला गेलेला असतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या डिक्सन माउंड्स या प्राचीन दफनस्थळावरच्या सांगाड्यांचा असा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी ज्यांची वाढ खुंटली होती त्यांच्या मणक्यांची नळी अरुंद राहिली, आणि ती माणसे जगलीही कमी.

याचे आजच्या दवाखान्यातले टोक आपल्याला ओळखीचे आहे. साठीतला माणूस चालता चालता थांबतो, पारावर टेकतो, दोन मिनिटांनी पुन्हा उठतो. पायात गोळे येतात, मुंग्या येतात, पुढे वाकले की बरे वाटते. १९५४ मध्ये हॉलंडच्या हेंक व्हर्बीस्ट यांनी या दुखण्याची मांडणी केली, आणि त्यांची मापे आजही धरली जातात. नळीचा मागून-पुढचा व्यास दहा मिलिमीटरहून कमी असेल तर ती निश्चितच अरुंद, दहा ते बारामध्ये असेल तर काठावरची. म्हातारपणी गादी फुगते, सांध्यांना हाडाचे काटे येतात, अस्थिबंध जाड होतात. पण हे सगळे नळीच्या मूळ मापातून वजा व्हायचे असते. ज्याची मूळ शिल्लक पंधरा-सोळा मिलिमीटर आहे त्याला ते सोसवते, ज्याची बाराच आहे त्याला नाही. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे आणि त्या योजनेत आरोग्य-पोषणाला मोठे वजन आहे. अंगणवाडीतला वजनकाटा आणि पन्नास-साठ वर्षांनंतरचा एमआरआय एकाच कण्याबद्दल बोलत असतात, हे इथे हाडातच दिसते.

वयाचा दुसरा परिणाम मापात कमी आणि भरीवपणात जास्त दिसतो. ठोकळ्याच्या आत हाडाच्या बारीक काड्यांची जाळी असते, काही उभ्या, काही आडव्या. वय वाढते तशा आडव्या काड्या आधी जातात. जुन्या घराच्या तुळया काढून फक्त उभे खांब ठेवले तर छप्पर जसे बसते, तसा मग एखाद्या दिवशी घागर उचलताना मणका बसतो. बाईची पाळी गेल्यानंतर ही झीज वेगाने होते. बाहेरून मोजले तर खांब तेवढाच भरतो, आतून मात्र तो पोकळ होत आलेला असतो.

इथेच बाईचा कणा सर्जनला कोड्यात टाकतो. मुलींच्या मणक्यांचा आडवा छेद लहानपणापासूनच मुलांपेक्षा छोटा असतो आणि वयात येताना हा फरक वाढतो. पेडिकलही सरासरीने बारीक. नळीच्या व्यासात मात्र स्त्री-पुरुष फरक त्या मानाने थोडा. ठिसूळ हाडात स्क्रू टिकायचा तर तो जाड आणि लांब हवा, आणि बारीक खांबात तर बारीकच बसतो. हाड एक मागते आणि खांब दुसरेच देतो. कंबरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे घसरण्याचा विकार पन्नाशीनंतर बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. 'मणका सरकला' हा वाक्प्रचार तिथे अक्षरशः खरा असतो. म्हणजे ज्यांना स्क्रूची गरज पडते, त्यांत हे कोडे घेऊन येणाऱ्या बायका बऱ्याच असतात.

फरक केवळ आकाराचा नाही, घडणीचाही आहे. २००७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवले की कंबरेचा बाक पेलणारे पाचरीसारखे मणके पुरुषांत दोन असतात, तर बायकांत तीन. गरोदरपणात पोटाचे ओझे पुढे आले तरी तोल राहावा, यासाठीची ही तजवीज आहे आणि ती लाखो वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजांच्या मणक्यांतही सापडते. बाईच्या कण्यात दांडा बसवताना तो किती वाकवायचा, हा प्रश्न इथून सुरू होतो.

हाड किती भरीव आहे हे तपासणाऱ्या डेक्सा यंत्राचीही एक गोष्ट सांगायला हवी. हे यंत्र हाडाच्या सावलीच्या क्षेत्रफळावर घनता काढते, जाडी त्याला कळत नाही. त्यामुळे छोटे हाड मोठ्या हाडाइतकेच दाट असले तरी विरळ वाटते. त्यात तुलना बहुतेकदा तरुण गोऱ्या स्त्रियांच्या सरासरीशी होते. लहान चणीच्या वऱ्हाडी बाईला त्यामुळे आहे त्याहून ठिसूळ ठरवले जाण्याची शक्यता असते. सीटीतून थेट घनता वाचता येते, ती हाउन्सफील्ड एककात. पाणी शून्य, हवा उणे हजार. पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की कंबरेच्या पहिल्या मणक्याचा आकडा १६० किंवा त्याखाली असेल तर सावध व्हावे, आणि ११० च्या खाली असेल तर अस्थिठिसूळता जवळपास पक्की धरावी. मुतखड्याच्या त्याच स्कॅनमध्ये हाही आकडा दडलेला असतो.

विदर्भाची आणखी काही दुखणी मणक्यावर ठसा सोडतात, ती वेगळी नोंदावी लागतात. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून मणक्याची वरची-खालची बाजू खचते आणि एक्स-रेत तो माशाच्या मणक्यासारखा दोन्हीकडून खोलगट दिसतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या परिसरात पाण्यातल्या फ्लोराइडने हाड दाट होते, अस्थिबंध कडक होतात आणि नळी आवळत जाते. क्षय ठोकळा खातो, पण मागचा खांब बऱ्याचदा सोडतो. असे पेशंट सरसकट सरासरीत मिसळले तर ती सरासरी ना निरोग्याची राहते ना रोग्याची.

माप चुकले तर किती चुकते, याचे देशातले उदाहरण कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलचे आहे. २००७ मध्ये राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी वाकड्या कण्यांच्या ३३ पेशंटमध्ये छातीच्या मणक्यांत बसवलेल्या ४७८ स्क्रूंचा हिशेब दिला. नेहमीच्या पद्धतीने घातलेल्यांपैकी २३ टक्के स्क्रूंनी खांबाची भिंत ओलांडली होती. संगणकीय मार्गदर्शनाने घातलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होते. अशी यंत्रणा महाग आहे आणि ती प्रत्येक जिल्ह्यात लगेच येणार नाही. सीटीवर आदल्या दिवशी शांतपणे मोजून ठेवणे मात्र कुठेही जमते.

समजा, बासष्ट वर्षांच्या एक काकू पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या आणि कंबरेचा पहिला मणका बसला. त्याच्या वरच्या आणि खालच्या मणक्यात स्क्रू घालून मधे दांडा जोडायचा आहे. सीटीवर डी-१२ चा, म्हणजे छातीच्या बाराव्या मणक्याचा, उजवा खांब ७.० मिलिमीटर भरतो, डावा ६.४. एल-२ चा उजवा ७.२, डावा ६.१. स्क्रू खांबाच्या जाडीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंतच असावा, असा हिशेब बरेच सर्जन धरतात. मग उजवीकडे दोन्ही ठिकाणी साडेपाच, डी-१२ ला डावीकडे पाच आणि एल-२ ला डावीकडे साडेचार. शेजारच्या मणक्यांची घनता ९५ येते, म्हणजे हाड विरळ. म्हणून डी-११ आणि एल-३ हे आणखी दोन मणके पकडीत घ्यायचे ठरते आणि बोन सिमेंट हाताशी ठेवायला सांगितले जाते. हे सगळे आकडे थिएटरातल्या फळ्यावर लिहिले जातात, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी काकूंना पालथे झोपवलेले असते. सर्जन खांबात वाट पाडतो, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर दिशा बघतो आणि स्क्रू घालण्याआधी टोकाला बारीक गोळी असलेली एक लवचीक तार त्या भोकात उतरवतो. आतली भिंत, बाहेरची, वरची, खालची आणि शेवटी तळ. पाचही ठिकाणी हाडाचा टणकपणा हाताला लागला की तो मान न वळवता फळ्यावरचा आकडा विचारतो, आणि सिस्टर साडेचारचा स्क्रू पुढे करते.